साडेसहाची राखण

माझ्या दुकानात अधूनमधून कुणीतरी सायकल अर्धवट उचलून, मागचं चाक फरफटत आणतं. चावी हरवलेली असते. अशा वेळी मी आधी मोबाइलमधले फोटो बघायला मागतो. स्वतःची सायकल असली की माणसाकडे तिचा एखादा तरी फोटो असतोच, सिंहगडाच्या पायथ्याशी नाहीतर घराच्या गॅलरीत काढलेला. शाळकरी पोरगा एकटाच आला असेल तर ‘बाबांना घेऊन ये’ म्हणतो. खात्री पटली की कुलूप तोडून देतो.

बाजारात सगळ्यांत जास्त खपतं ते केबलचं कुलूप. दिसायला अंगठ्याएवढं जाड. पक्कड लावली की आधी वरचं प्लास्टिक तुटतं आणि आत पेन्सिलीपेक्षाही बारीक तारांची वेणी निघते. जाडी बहुतेक प्लास्टिकचीच. पकडीचा दुसरा दाब, कधी तिसरा, काम झालं. गिऱ्हाईक पैसे काढेपर्यंत सायकल मोकळी झालेली असते आणि त्याचा चेहरा पडलेला असतो, कारण याच कुलपाच्या भरवशावर तो वर्षभर सायकल पार्किंगमध्ये ठेवत आलेला असतो. मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं गोल कुलूप त्याहून बरं, पण त्याने फक्त चाक अडतं. सायकल खांद्यावर टाकून नेता येते. यू-लॉक मात्र घाम काढतं. ग्राइंडर लावावा लागतो, ठिणग्या उडतात, शेजारचा चहावाला बाहेर येऊन बघतो. त्याचीही खात्री कायमची नसते म्हणा. २००४ साली अमेरिकेत गोल नळीच्या चावीची नावाजलेली यू-लॉक साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे लोकांनी करून दाखवलं आणि कंपनीवर कुलपं बदलून द्यायची वेळ आली.

हे काम हाताखालून गेलेलं असल्यामुळे कुलपाबद्दल माझं मत साधं आहे. कुलूप आपल्याला वेळ देतं. कुठलं दहा सेकंद, कुठलं तीन मिनिटं. त्या वेळात ऐकणारं, बघणारं कुणी नसेल तर तो वेळ चोराच्या कामी येतो.

हिवाळ्यात मी सायकल सहलींबरोबर मेकॅनिक म्हणून जातो. अलिबागच्या बाजूने निघायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून रेडी-तेरेखोलपर्यंत खाली उतरायचं, हा आमचा ठरलेला मार्ग. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. मुक्काम तंबूत. कधी सुरूच्या बनात, कधी शाळेच्या पटांगणात, कधी कुणाच्या वाडीत. दिवसा पंक्चर, ब्रेक, तुटलेले स्पोक. रात्रीची सायकलींची राखण हे माझं काम आहे असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण कुलपातलं कळणारा एकच माणूस बरोबर असला की ते आपोआप त्याच्याकडे येतं.

सहलीला येणारा माणूस वजनाच्या बाबतीत फार कंजूष असतो. टूथब्रशचा दांडा कापून आणणारे मी पाहिले आहेत. त्यांना किलो-दीड किलोचं यू-लॉक घ्या म्हटलं तर ते माझ्याकडे संशयाने बघतात. म्हणून प्रत्येकाचं हलकं केबल लॉक त्याच्याजवळ, चहाच्या टपरीवर चाक अडवण्यापुरतं. आणि एक लांब जाड साखळी आणि दोन दणकट कुलपं टेम्पोत. आकड्यांची कुलपं मी नको म्हणतो. अंधारात आकडे दिसत नाहीत, बॅटरी तोंडात धरून माणूस खटपट करत बसतो आणि शेवटी कंटाळून नुसतं अडकवून ठेवतो. चावीच्या कुलपांना समुद्रकाठी वेगळा त्रास. खारी हवा आणि बारीक वाळू मिळून कुलपाचं भोक दोन-तीन दिवसांत जाम करतात. लोक त्यात शिवणयंत्राचं तेल सोडतात. त्याने तेवढ्यापुरतं उघडतं, पण मग तेलाला वाळू धरते. त्यापेक्षा पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून ती भुकटी भोकात फुंकावी आणि चावी चार वेळा फिरवावी.

मुक्कामाच्या जागी पोचल्यावर सायकली लावायची माझी एक पद्धत आहे आणि त्यावरून मी सगळ्यांशी वाद घालतो. सायकली जोडीने लावायच्या, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. असं केलं की दोघींच्या डाव्या बाजू एकमेकींना टेकतात आणि गिअरची नाजूक बाजू बाहेर राहते, आपटत नाही. एकीचं पायडल दुसरीच्या चाकात अडकवायचं. मग साखळी फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून ओवायची. मागचं चाक का, तर ते महाग आणि काढायला किचकट. पुढचं चाक क्विक रिलीजचं असेल तर खटका उघडून कुणीही दोन हातांनी काढून नेईल, त्यामुळे ते केबलने बांधायचं नाहीतर काढून तंबूत घ्यायचं. अशा बांधलेल्या जोडीवर बसता येत नाही आणि एकट्याने ती उचलता येत नाही. दोघांनी उचलली तर पायडल आणि स्पोक मिळून एवढा आवाज करतात की मेलेला उठेल. गिअर सगळ्यांत जड ठेवायचा आणि चेन पुढच्या दातांवरून उतरवून ठेवायची, म्हणजे कुणी टांग मारलीच तर पायडल नुसतंच फिरेल.

साखळी झाडाला बांधायची तर सुरूचं झाड बघून निवडावं लागतं. कोवळा सुरू मनगटाएवढा असतो, कोयत्याच्या एका घावाचा. माडाला बांधलं तर पहाटे पाडेली यायचा असतो आणि नारळ सायकलीवर पडतात. ते नुकसान चोरीपेक्षा कमी नसतं. कुंपणाच्या खांबाला बांधण्याआधी खांब हलवून बघायचा. निम्मे खांब नुसतेच वाळूत रोवलेले असतात, उपसले की साखळी खालून मोकळी.

तंबू सायकलींभोवती घोड्याच्या नालासारखे, दारं आतल्या बाजूला, आणि उघड्या बाजूला टेम्पो आडवा. टोकाच्या सायकलीपासून माझ्या तंबूपर्यंत बारीक नायलॉन दोरी, माझ्या बाजूला तिला रिकामा बिस्किटाचा डबा आणि त्यात दोन पाने. हा डबा रात्री वाजतो. चोरामुळे नव्हे, साठी ओलांडलेले सभासद रात्री बाहेर जायला उठतात त्यांच्यामुळे. दोरीला रंगीत चिंधी बांधून पाहिली, तरी अडखळायचे ते अडखळतातच. पण त्यामुळे डबा चालतो याची रोजच्या रोज चाचणी होते.

सुरूच्या बनात माणसापेक्षा कुत्र्यांची चोरी जास्त. बाहेर ठेवलेले बूट, घामाचे हातमोजे, चिक्कीची पिशवी. सकाळी अर्धा तास बुटाचा डावा पाय शोधण्यात जातो. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पुळण ओलांडून वर येतं, तेव्हा झाडांच्या बुंध्याशी ओली रेघ कुठवर आहे ते उजेडातच बघून ठेवायचं. खाऱ्या पाण्यात रात्र काढलेल्या सायकलीच्या बेअरिंगचं पुढे काय होतं ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

एवढी सगळी सिद्धता रात्रीसाठी. आणि एवढ्या सहलींत रात्री दोन वाजता सायकल गेली असं मी एकदाही पाहिलं नाही. कोकणातली माणसं प्रामाणिक आहेत हे ऐकायला बरं वाटतं, सभासदांना ते सांगायलाही आवडतं, पण मी त्यावर झोपत नाही. माझा हिशोब वेगळा आहे. किनाऱ्याचा रस्ता अरुंद, दर काही कोसांवर खाडी, रात्री फेरीबोट बंद. परका टेम्पो रात्री वाडीत शिरला तर कुत्री भुंकतात, कुणीतरी पडवीतला दिवा लावतं. सायकल घेऊन जायची तर जायची कुठे, आणि विकायची कुणाला? सत्तावीस गिअरची सायकल त्या गावात कुणी चालवली तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव विचारील. तेच मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला मुक्काम पडला की गणित उलटं होतं. ट्रक थांबतात, निघतात, कुणाला कुणाची ओळख नसते आणि दहा मिनिटांत सायकल पुढच्या तालुक्यात असते. म्हणून महामार्गाजवळ झोपायची वेळ आली तर मी तंबूऐवजी लॉज सुचवतो, सायकली आतल्या आवारात घेऊ देणारं. आणि आमची एकमेव खरी चोरी झाली ती अशाच लॉजमध्ये.

आवाराला उंच भिंत, लोखंडी फाटक, फाटकाला रात्री कुलूप. सायकली जोडीने, साखळी ओवलेली, कुणी बोट लावलं नाही. सकाळी सहाच्या सुमारास दूधवाल्यासाठी फाटक उघडलं. सहलीच्या प्रमुखाने साखळी काढली, कारण पॅनियर, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या, लावायच्या होत्या. मग अशा सकाळी होतं ते सगळं सुरू झालं. कुणी वर चार्जर विसरला, कुणी हातमोजे शोधतोय, कुणी हवा बघतोय, कुणी चहाचे कप घेऊन आलाय, कुणी सूर्य नसलेल्या आकाशाचे फोटो काढतोय. लॉजमधले दुसरे पाहुणे बॅगा घेऊन निघालेत, पेपरवाला येऊन गेलाय. मी एका सायकलीच्या डिस्क ब्रेकपाशी वाकलेलो. साडेसहाला एक जण खाली आला आणि म्हणाला, माझी सायकल कुणी हलवली?

पुढची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही, कारण जवळजवळ प्रत्येकाने ती जाताना पाहिली होती. निळा टी-शर्ट घातलेला एक तरुण ती हातात धरून फाटकापर्यंत गेला, तिथे बसला आणि निघून गेला. घाई नाही, मागे वळून बघणं नाही. एका बाईंनी त्याला ‘मागचा दिवा चालू राहिलाय’ असंही सांगितलं होतं आणि त्याने हात हलवून बरं म्हटलं होतं. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना तो टेम्पोचा नवा पोऱ्या वाटला. उरलेल्यांना वाटलं, मेकॅनिकनेच कुणाला तरी ब्रेक तपासायला फेरी मारायला पाठवलंय. डोक्यावर हेल्मेट नव्हतं हे नंतर आठवलं.

रात्री प्रत्येकाला काळजी असते, म्हणून प्रत्येक जण कान देऊन झोपतो. सकाळी आजूबाजूला एवढी आपली माणसं असतात की बघायचं काम प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडतो. संध्याकाळी पोचल्यावरही तेच. थकलेला माणूस सायकल पहिल्या दिसेल त्या भिंतीला टेकवतो आणि सरळ पाण्याकडे किंवा भज्यांकडे जातो. मी आता माझं लक्ष या दोन वेळांवर ठेवतो, आणि रात्री चक्क झोपतो. नियम असा की सगळ्यांचं सामान बांधून होईपर्यंत साखळी सुटत नाही. पॅनियर साखळीतल्या सायकलीलाच लावायचे. सुटली की ज्याने त्याने आपली धरायची. दुसऱ्याच्या सायकलीला मालकाला मोठ्याने हाक मारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा. ‘कुलकर्णी, तुमची घेतोय!’ असं मी आवारभर ओरडतो. नव्या लोकांना सुरुवातीला हसू येतं. येऊ द्या.

आषाढात पंढरपूरला सायकलवारी जाते, तिथे वेगळाच प्रकार बघायला मिळतो. मोठ्या पटांगणात एकाच कंपनीच्या, एकाच काळ्या रंगाच्या सायकली रांगेने उभ्या. चोर नसतानाही सायकली बदलून जातात आणि वीस किलोमीटरवर गेल्यावर माणसाला सीट उंच लागते. हँडलला आईच्या जुन्या साडीची किनार बांधलेली एक सायकल मी पाहिली होती. ती कुणाच्या चुकून हातात जाणं शक्य नव्हतं, आणि मुद्दाम नेणाऱ्यालाही ती नकोशीच वाटली असती. नव्या सायकलीवरचे कंपनीचे चकचकीत स्टिकर झाकून टाकावेत, मडगार्डला सुतळी गुंडाळावी, चिखल मुद्दाम राहू द्यावा. मालकांना हे पटत नाही. दीड लाखाची सायकल घ्यायची आणि ती गरीब दिसायला हवी, हे दुःख मी समजू शकतो.

किमतीचा प्रश्न रस्त्यात रोज येतो. टपरीवर थांबलं की पहिला प्रश्न ‘खयसून इलास’ आणि दुसरा ‘केवढ्याची?’ काही सभासद अभिमानाने खरा आकडा सांगतात. मग तो आकडा आमच्या आधी पुढच्या गावात पोचतो. काही जण ‘असेल हजार-दोन हजारांची’ असं धडधडीत खोटं बोलतात, ते समोरच्याला लगेच कळतं आणि त्याला वाईट वाटतं. मी म्हणतो, ‘मी दुरुस्त करणारा, किंमत मालकाला ठाऊक.’ नाहीतर पोरांनाच विचारतो, तुम्ही सांगा केवढ्याची असेल. त्यात दहा मिनिटं मजेत जातात.

गावातल्या पोरांचा हात सायकलीला लागतो तो नेण्यासाठी नसतो, गिअर खटाखट बदलून बघण्यासाठी असतो. उभ्या सायकलीचे गिअर बदलले की सकाळी पहिल्या टांगेला चेन पडते आणि काम मला लागतं. म्हणून टेम्पोतली जादा सायकल मी संध्याकाळी खाली काढतो, सीट पार खाली करतो आणि पोरांना एकेक चक्कर देतो. बाकीच्यांकडे मग कुणी फिरकत नाही. वर कुठल्या तंबूत कोण झोपलंय, कुठली सायकल कुणाची, हे त्यांना आमच्यापेक्षा पक्कं माहीत असतं. आचऱ्याच्या बाजूला एकदा आम्ही रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकत होतो, तेवढ्यात शेजारच्या घरातल्या काकी खळ्याच्या कठड्यापाशी आल्या. “रे, सायकली भायर कित्याक ठेवतास? खळ्यात घेवन येवा. हय कोण हात लावचो नाय.” मी साखळीही दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाल्या, “ही बैलाक बांधूक बरी.” सायकली खळ्यात गेल्या. साखळी मी तिथेही ओवली. काकींना ते फारसं आवडलं नाही असं वाटलं, पण बोलल्या नाहीत.

पूर्ण सायकल जाणं विरळा. जातं ते सुटं सामान. दिवे, पंप, हँडलवरचा मीटर, सीटखालची पिशवी. खटक्याने निघतं ते सगळं रात्री तंबूत. सीटपोस्टला खटका असेल तर तो बदलून मी ॲलन बोल्ट लावून देतो. दुकानात वीस मिनिटांचं काम आहे.

अलीकडे बरेच जण एअरटॅग घेऊन येतात, सीटखाली किंवा दिव्याच्या खोबणीत लपवलेला. २०२१ साली ते बाजारात आलं. शहरात त्याचा उपयोग आहे, पण त्याला स्वतःची जागा स्वतः कळवता येत नाही. जवळून एखादा आयफोन जावा लागतो. केळशी-आंजर्ल्याच्या मधल्या रस्त्यावर रात्री आयफोन कुठून जायचा? शिवाय अनोळखी टॅग बराच वेळ बरोबर फिरत असला तर ज्याच्याजवळ तो आहे त्याच्या फोनवर सूचना जाते. पाळत ठेवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून केलेली ती सोय आहे, चोरालाही ती मिळते. सिमकार्डवाला ट्रॅकर खरी जागा दाखवतो, पण त्याला चार्जिंग हवं आणि नेटवर्क हवं.

मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो फ्रेमचा नंबर. सायकल उलटी करायची, दोन पायडलांच्या मधल्या नळीखाली ठोकलेला असतो. माती साफ करून त्याचा फोटो काढायचा. सायकलींना पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला असायचा, तो गेला, आता एवढीच खूण उरली. सहलीच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांचे नंबर वहीत उतरवून घेतो. लॉजच्या त्या सकाळी मालकाला आपल्या सायकलीचे सगळे भाग कंपन्यांसकट पाठ होते, नंबर मात्र वहीतच सापडला. आमच्याबरोबर एक वकील होते, त्यांनी बिल मोबाइलमध्ये शोधायला लावलं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, चोरीचं कलम ३७९ चं ३०३ झालं, आणि पाच हजारांखालच्या मालाची चोरी आता अदखलपात्र धरतात. सायकल म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे जुनी काळी सायकल येते, म्हणून किमतीचा कागद आधी पुढे करायचा. चोरी लक्षात आली ती हद्द सोडून पुढे गेल्यावर असं झालं, तरी कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हेही त्यांनीच सांगितलं.

ठाण्यातले हवालदार शांतपणे लिहून घेत होते. कंपनी लिहिली, नंबर लिहिला. रंग विचारला.

“टील,” मालक म्हणाला.

“म्हणजे हिरवा का निळा?”

“दोन्हींच्या मधला.”

“मधला असा रंग नसतो, साहेब. एक काय ते सांगा.”

आमच्यातल्या दोघांनी हिरवा सांगितला, तिघांनी निळा. शेवटी फोटो बघून त्यांनी ‘मोरपंखी’ लिहिलं आणि तोच बरोबर शब्द होता.

सायकल मिळाली नाही. उरलेली सहल मालकाने जादा सायकलीवर केली. ती त्याला दोन इंच आखूड पडत होती. मी सीट वर-मागे करून जमेल तेवढी बसवून दिली, तरी त्याचा गुडघा दुखायचा तो दुखलाच. रस्त्यात माझ्या वाट्याला थोडी सायकल येते ती ही, त्यामुळे मी टेम्पोत बसलो. ड्रायव्हरला बोलायला माणूस मिळाला. त्याच्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी गेल्या भातकापणीत भर दुपारी, चार माणसं बांधावर जेवत असताना गेली होती. ती कुणी नेली याबद्दल त्याचे तीन निरनिराळे अंदाज होते, आणि वेंगुर्ल्यापर्यंत त्याने मला ते तिन्ही सविस्तर सांगितले.